कॅटेगरीतून फॉर्म भरला, पण सर्टिफिकेटच्या तारखेत अडकलो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा पास, मेरिटमध्ये नाव, घरी पेढेपण वाटून झाले आणि कागदपत्र तपासणीला गेल्यावर कळतं की नॉन-क्रिमीलेयर सर्टिफिकेटची (एनसीएल) तारीख चालत नाहीये. आरक्षित जागांच्या भरतीतले निम्मे वाद असलेच असतात, अभ्यासाशी संबंध शून्य. खालचे प्रश्न महाराष्ट्रातल्या आणि केंद्राच्या भरतीत जे पुन्हा पुन्हा विचारले जातात तेच घेतलेत. ही कोर्टातली लेखी बाजू नाही, साध्या भाषेत सांगितलेलं आहे, तुमच्या केसचा शेवटचा शब्द तुमच्या जाहिरातीचा आणि वकिलाचा.

नक्की कुठली तारीख धरतात? फॉर्मची शेवटची की कागद तपासणीची?

सुप्रीम कोर्टाने भूपिंदरपाल सिंग केसमध्ये (२०००) क्रम ठरवून दिलाय. सेवा प्रवेश नियमात तारीख दिली असेल तर ती, नियमात नसेल तर जाहिरातीत दिलेली, आणि जाहिरातीतही नसेल तर अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख. म्हणजे "व्हेरिफिकेशनला अजून चार महिने आहेत, तोपर्यंत काढू" हा जो सल्ला ग्रुपवर फिरतो तो जाहिरातीत तशी सूट स्पष्ट लिहिली असेल तरच खरा, नाहीतर शेवटची तारीख म्हणजे शेवटची तारीख.

शैक्षणिक पात्रतेला पण हेच लागू. जम्मू-काश्मीरच्या ज्युनियर इंजिनियर भरतीत काही जणांचा डिग्रीचा निकाल अर्जाच्या तारखेनंतर पण मुलाखतीच्या आधी लागला होता, आणि अशोक कुमार शर्मा केसमध्ये (१९९७) कोर्टाने सांगितलं की अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते पात्र नव्हते. कारण पटण्यासारखं आहे, ज्यांनी "आपला निकाल नाही लागला" म्हणून प्रामाणिकपणे फॉर्मच भरला नाही त्यांचं काय?

पण माझी जात तर जन्मापासून आहे, कागद उशिरा दिला म्हणून जात बदलते का?

नाही बदलत, आणि हा मुद्दा कोर्टानेही मान्य केलेला आहे. पात्र असणं वेगळं आणि पात्र असल्याचा पुरावा देणं वेगळं. डॉली छांदा केसमध्ये (२००५) कोर्ट म्हणालं की पात्रता शेवटच्या तारखेला असलीच पाहिजे, पण पुरावा सादर करणं हा प्रक्रियेचा भाग आहे आणि तिथे थोडं सैल धरता येतं.

एससी-एसटीच्या उमेदवाराला हा युक्तिवाद सगळ्यात चांगला लागू पडतो, कारण तिथे उत्पन्नाचा प्रश्न नाही. ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसीला अर्धाच लागू पडतो, कारण तुम्ही जन्माने ओबीसी असलात तरी "उन्नत आणि प्रगत गटात मोडत नाही" (म्हणजेच नॉन-क्रिमीलेयर) ही गोष्ट जन्माने ठरत नाही, ती उत्पन्नावर आणि आईवडिलांच्या पदावर ठरते आणि वर्षागणिक बदलू शकते. आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) जवळजवळ लागूच पडत नाही, ते खाली सांगतो.

राम कुमार गिजरोया निकाल दाखवला की काम होतं ना? सगळे तेच सांगतात.

सगळे नाव सांगतात, निकाल वाचलेला नसतो. ती २०१६ ची सुप्रीम कोर्टाची केस, दिल्लीतल्या स्टाफ नर्स भरतीची. उमेदवाराने ओबीसी सर्टिफिकेट शेवटच्या तारखेनंतर दिलं आणि कोर्टाने ते धरायला सांगितलं, इथपर्यंत बरोबर. पण त्यात एक गोष्ट होती जी फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही, ती म्हणजे "सर्टिफिकेट कट-ऑफ तारखेच्या आधीचंच हवं" ही अट निवड मंडळाने निकाल लावताना पुढे आणली होती. तुमच्या जाहिरातीत ही अट पहिल्यापासून पांढऱ्यावर काळी छापली असेल तर तुमची केस तिच्यासारखी नाही, आणि समोरचा सरकारी वकील पहिल्या पाच मिनिटात हेच दाखवणार.

त्यानंतरचं वारं कडक आहे. २०२३ मध्ये दिव्या विरुद्ध भारत सरकार, २०२५ मध्ये उत्तर प्रदेश पोलीस भरतीची मोहित कुमार केस, दोन्हीकडे उमेदवार हरले. माझं मत विचाराल तर गिजरोयाच्या भरवशावर मुद्दाम उशीर करणं म्हणजे विहीर खोदायच्या आधीच पोहायला कपडे काढण्यासारखं आहे.

ईडब्ल्यूएसला एवढं कडक का?

कारण ते आरक्षणच मुळात उत्पन्न आणि मालमत्तेवर आहे. २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती, १० टक्के, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३ विरुद्ध २ ने ते वैध ठरवलं. यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखाच्या आत हवं, आणि इथे पगार, शेती, धंदा सगळं मोजतात. शिवाय केंद्राच्या नियमात ५ एकर किंवा जास्त शेतजमीन, १००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, ठरावीक आकाराचा प्लॉट असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी बाद. कुटुंब म्हणजे तुम्ही, आईवडील, नवरा किंवा बायको, १८ च्या आतली भावंडं आणि १८ च्या आतली मुलं.

दिव्या केस यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षा २०२२ ची होती. तिथे २०२०-२१ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावरचं, ठरलेल्या नमुन्यातलं आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीचं सर्टिफिकेट मागितलं होतं. कोणाचं वर्ष चुकीचं, कोणाचं उशिरा. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की कट-ऑफ तारखेला ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट हातात नसेल तर ईडब्ल्यूएस म्हणून दावाच करता येत नाही. म्हणजे "मी गरीब तर होतोच ना" हे इथे चालत नाही.

माझं सर्टिफिकेट मार्चमधलंच आहे, ताजं आहे. एप्रिलमधल्या फॉर्मला चालेल?

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. समजा तुमचं एनसीएल "३१ मार्च २०२५ पर्यंत वैध" आहे आणि फॉर्मची शेवटची तारीख १० एप्रिल २०२५ आहे, तर त्या दिवशी तुमच्याकडे वैध कागद नाही, मग तो १५ दिवसांपूर्वीच काढलेला का असेना. सर्टिफिकेट कधी निघालं ती तारीख वेगळी आणि कधीपर्यंत चालतं ती वेगळी, आणि जाहिरातीत या दोन्हीपैकी काय विचारलंय ते वाचावं लागतं. एनसीएलवर वैधता छापलेलीच असते, ती शेवटची ओळ लोक वाचत नाहीत.

ईडब्ल्यूएसचं अजून वाकडं आहे. ते आदल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर आणि चालू वर्षापुरतं असतं, त्यामुळे दर एप्रिलला नवं. आणि एप्रिलमध्ये गेलात तर रिटर्न भरलेलं नसतं, नोकरदारांच्या फॉर्म १६ ला जूनचा मध्य उजाडतो, मग तहसीलमध्ये "उत्पन्नाचा पुरावा आणा" म्हणून परत पाठवतात. उपाय हाच की पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, तलाठ्याचा अहवाल असं जे काही मिळेल ते घेऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाकायचा, जाहिरातीची वाट बघत बसायचं नाही.

राज्याचं ओबीसी सर्टिफिकेट केंद्राच्या भरतीला चालतं का?

नमुना वेगळा आहे, त्यामुळे नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पण बघावं लागतं कारण राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात तिथे नसते. उलटं पण खरं आहे, मोहित कुमार केसमध्ये उमेदवाराने राज्याच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातलं दिलं आणि जाहिरातीत नमुना स्पष्ट दिलेला असल्यामुळे ते नाकारणं कोर्टाने बरोबर धरलं. जात तीच, माणूस तोच, फक्त फॉर्मेट वेगळा. चीड येते, पण आहे हे असं आहे.

दुसऱ्या राज्यातून इथे राहायला आलेल्यांनी पण लक्षात ठेवा, एका राज्यातली जात दुसऱ्या राज्याच्या नोकरीत आपोआप आरक्षण देत नाही.

वडिलांचा पगार ९ लाख आहे, म्हणजे एनसीएल मिळणारच नाही?

असं नाही. ओबीसी क्रिमीलेयरच्या ८ लाखाच्या हिशोबात (ही मर्यादा २०१७ मध्ये ६ वरून ८ झाली) पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, बाकीचं उत्पन्न सलग ३ वर्षं बघतात. सरकारी नोकरदार आईवडिलांचं पदावरून ठरतं, म्हणजे दोघांपैकी एक जण थेट गट अ चा असेल किंवा दोघंही गट ब चे असतील तर क्रिमीलेयर. सेतू केंद्रावरचा माणूस कधीकधी सरसकट "८ लाखाच्या वर आहे, होणार नाही" सांगून मोकळा होतो आणि लोक तिथूनच घरी जातात. ईडब्ल्यूएसचा नियम आणि हा नियम एकमेकात मिसळू नका, आकडा सारखा आहे बाकी काहीच सारखं नाही.

जात वैधता (पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) पण शेवटच्या तारखेच्या आतच हवी का?

जाहिरात बघा. साधारणपणे फॉर्मच्या वेळी जातीचा दाखला लागतो आणि नियुक्ती वैधतेच्या अधीन राहून देतात. पण वैधता हा नुसता अजून एक कागद आहे असं समजू नका. २००१ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्यानुसार पडताळणी समितीने दावा अवैध ठरवला की नोकरीचे फायदे काढून घेतले जातात, आणि किती वर्षं नोकरी झाली याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने बहिरा केसमध्ये (२०१७) पक्कं केलंय. समितीला वेळ लागतो, म्हणून पोस्ट मिळायच्या आधीच फाईल टाकता येत असेल तर टाका, विशेषतः एसटीवाल्यांनी, तिथे जुने महसुली आणि शाळेचे पुरावे शोधण्यातच वर्ष जातं.

फॉर्म एसईबीसीमधून (मराठा समाजाचा राज्यातला प्रवर्ग) भरला आणि नंतर कुणबी दाखला मिळाला, बदलता येईल?

शेवटच्या तारखेनंतर फॉर्ममधला प्रवर्ग बदलून मिळेल अशी आशा धरू नका, आयोगाने स्वतःहून शुद्धिपत्रक काढून संधी दिली तर गोष्ट वेगळी. त्या भरतीला ज्या प्रवर्गातून भरलंय त्यातूनच जावं लागतं आणि कुणबी दाखला पुढच्या भरतीला वापरायचा, त्यालाही एनसीएल लागतंच.

मराठा उमेदवारांनी यात खूप सोसलंय हे मान्य. २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा आला, ९ सप्टेंबर २०२० ला स्थगिती, ५ मे २०२१ ला रद्द, मधल्या भरतीतल्या पोरांना ईडब्ल्यूएसचा पर्याय मिळाला आणि मग त्यावरून वेगळ्या केसेस उभ्या राहिल्या. आता २०२४ च्या कायद्याने एसईबीसी १० टक्के आहे. राज्याच्या नोकरीत एसईबीसी आणि केंद्राच्या यादीत मराठा नसल्यामुळे तिकडे ईडब्ल्यूएस, असे दोन वेगळे कागद दोन वेगळ्या मुदतींचे एकाच घरात सांभाळावे लागतात.

ओपन मुलींना ३० टक्के महिला आरक्षणासाठी एनसीएल लागतं का?

आता नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिलांसाठी ती अट राज्याने मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढली. ओबीसी, एनटी वगैरे प्रवर्गातल्या जागेवर दावा करायचा तर त्या प्रवर्गाचं एनसीएल लागणारच. आणि मेरिट असेल तर मागास प्रवर्गातली मुलगी खुल्या महिलांच्या जागेवरही जाऊ शकते, हे सौरव यादव केसमध्ये (२०२०) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय.

सर्टिफिकेट नाकारलं तर निदान ओपनमध्ये तरी धरतील ना?

मार्क ओपनच्या कट-ऑफच्या वर असतील तर मागणी करता येते, आणि लेखी करा, तोंडी नको. पण वय बघा. राज्यात ओपनला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ची मर्यादा असते. तुम्ही ४० चे असाल तर प्रवर्ग गेला की वयाची सवलतही गेली आणि मग ओपनमध्येही जागा नाही, मार्क कितीही असोत. वय ३५ च्या पुढे गेलेल्यांनी सर्टिफिकेटच्या बाबतीत अजिबात रिस्क घेऊ नये ती यासाठी.

लग्नानंतर नाव बदललंय, दाखला माहेरच्या नावाचा आहे.

जातीचा दाखला माहेरचाच धरतात कारण जात वडिलांकडून येते. नाव जोडून दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र ठेवा, आणि तेही आधीच काढून.

खेळाडू कोट्यातून भरलंय, मेडल आहे, पुरे ना?

मेडल पुरत नाही. ५ टक्के खेळाडू आरक्षणाला क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते आणि जाहिराती ती कुठल्या तारखेपर्यंत हवी ते सांगतात. मेडल दहा वर्षांपूर्वीचं आणि पडताळणीचा अर्ज रिझल्टनंतर टाकलेला, अशा केसेस हरतात.

मी वेळेत अर्ज केला होता, तहसीलनेच उशीर केला. त्यात माझी काय चूक?

ही सगळ्यात प्रामाणिक तक्रार आहे आणि इथे लढायला खरंच काहीतरी आहे, फक्त पुरावा पाहिजे. अर्ज टाकल्याची पावती, टोकन नंबर, त्रुटी काढली असेल तर कधी काढली आणि तुम्ही कधी पूर्तता केली त्याचा स्क्रीनशॉट, एवढं असलं तर वकील काहीतरी मांडू शकतो. नुसतं "चकरा मारल्या" याला कागदावर किंमत नाही. आणि अर्ज शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी टाकला असेल तर उशीर तहसीलचा म्हणता येणार नाही, सर्व्हर डाऊन होता हे खरं असलं तरी.

उशीर होतोय असं दिसलं की तेव्हाच पाऊल उचला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली दाखल्यांना मुदत ठरलेली आहे, ती उलटली की प्रथम अपील, मग द्वितीय अपील, मग राज्य सेवा हक्क आयोग. अपील टाकलं म्हणून दाखला लगेच हातात येईलच असं नाही, पण पुढे कोर्टात तुम्ही झोपला नव्हतात हे दिसतं. तरीही मोकळं सांगतो, तहसीलचा उशीर सिद्ध झाला तरी भरती करणाऱ्या संस्थेवर तो बंधनकारक होईलच असं नाही, विशेषतः ईडब्ल्यूएसमध्ये.

रिजेक्ट झालो. आता कुठे जायचं?

आधी कारण लेखी घ्या. यादीसमोर "अपात्र" एवढंच असेल तर आरटीआय टाका आणि तुमच्या तपासणीचा शेरा मागा. आक्षेपाची विंडो दिली असेल तर त्यात नक्की लिहा, ती दोन-चार दिवसांचीच असते.

राज्य सरकारच्या पदांसाठी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), त्याचे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला बेंच आहेत. केंद्राच्या पदांसाठी कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण). जिल्हा परिषदेच्या भरतीला सहसा थेट हायकोर्ट. मॅट-कॅटला अंतिम आदेशापासून १ वर्षाची मुदत आहे. निवेदन दिलं आणि उत्तरच नाही आलं तर ६ महिने थांबून त्यापुढे १ वर्ष, पण भरतीच्या केसमध्ये वर्षभर थांबणं म्हणजे केस घालवणंच, कारण तोपर्यंत दुसरा माणूस जॉइन होऊन ट्रेनिंगही संपवतो. पहिल्याच तारखेला एक पद रिकामं ठेवण्याचा अंतरिम आदेश मागायचा असतो.

आणि ज्याची निवड तुमच्यामुळे धोक्यात येणार त्याला पार्टी करायला विसरू नका. तुमच्या प्रवर्गातला यादीतला शेवटचा उमेदवार तरी प्रतिवादीत हवाच, नाहीतर चांगली केस याच मुद्द्यावर निकालात निघते.

जाहिरातीतली अटच चुकीची वाटते, परीक्षा देऊन मग चॅलेंज करू का?

नको. परीक्षा दिली, नापास किंवा अपात्र झालो आणि मग अटीवर बोट ठेवलं की कोर्ट म्हणतं भाग घेतलात तेव्हा मान्य होतं. अट खटकत असेल तर फॉर्म भरा पण त्याच आठवड्यात लेखी हरकत द्या आणि शक्य असेल तर परीक्षेच्या आधीच मॅटला जा. मात्र नियम मधेच बदलला असेल, म्हणजे जाहिरातीत नव्हती ती अट तपासणीच्या वेळी लावली असेल, तर तुमची बाजू मजबूत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेज प्रकाश पाठक केसमध्ये सांगितलंय की भरती सुरू झाल्यावर, मूळ नियमात किंवा जाहिरातीत तशी मुभा नसेल तर, पात्रतेचे निकष मधेच बदलता येत नाहीत. म्हणून जाहिरातीची पीडीएफ आणि प्रत्येक शुद्धिपत्रक निघाल्या दिवशीच सेव्ह करून ठेवा, वेबसाइटवरून जुनी फाईल गायब झाली की मग शोधत बसावं लागतं.

केस चालू आहे, तर पुढच्या भरतीचा फॉर्म भरू नये का? केस कमजोर होते म्हणतात.

भरा. पुढचा फॉर्म भरल्याने आधीच्या निवडीवरचा दावा सुटत नाही. फक्त या वेळी फॉर्मवर सर्टिफिकेट नंबर आणि तारीख टाकताना कागद समोर ठेवून टाका, मागच्या वर्षीचा ऑटोफिल झालेला नंबर तसाच सबमिट करून नव्याने त्याच खड्ड्यात जाणारे बरेच आहेत.